पाहुण्यांना गरवायला पाठवण्याआधी: तिथी, पाणी आणि वारा



परवा भोपाळहून आपल्याच गावच्या एका ताईंचा फोन आला. त्या तिथे बिट्टन मार्केटजवळ राहतात. दिवाळीला सगळे गावी येणार आहेत. त्यांचे दोन्ही मुलगे भोपाळच्या बड्या तलावात कयाक चालवायला शिकलेत. आता त्यांना इथे खडपावरून आणि कयाकमधून गरवायचं आहे. "तुम्ही सांगाल तसंच करतील," असं ताई म्हणाल्या. मग म्हटलं, त्यांना सांगायचं ते इथेच लिहावं. पाहुणे सगळ्यांकडेच येतात, आणि आपली पोरंही आता रॉड घेऊन खडपावर जातात.

तलावाचं पाणी सकाळी जिथे असतं, तिथेच संध्याकाळी असतं. आपलं पाणी दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं. पोहता येणारा माणूससुद्धा इथेच फसतो.

१) पाण्याची वेळ काढा
जुन्या लोकांचा हिशोब सोपा आहे. तिथीला पाऊणने गुणा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. भाऊबीज म्हणजे द्वितीया. २ गुणिले पाऊण म्हणजे दीड. दुपारी दीडच्या सुमारास भरती पूर्ण, आणि त्याच्या सव्वासहा तास आधी, सकाळी सव्वासातला, पूर्ण सुकती. हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो. खाडीत आत भरती उशिरा पोचते. तक्ता मिळाला तर तोच बघावा.

२) मधले दोन तास सांभाळा
पाणी सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या दोन तासांत पाव भाग चढतं, मधल्या दोन तासांत अर्धा, शेवटच्या दोन तासांत उरलेला पाव. म्हणजे भाऊबीजेला साधारण सव्वानऊ ते सव्वाअकरा हा धोक्याचा वेळ. शिवाय अमावास्येच्या जवळचं पाणी, म्हणजे उधाण. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, तेव्हा चढ-उतार कमी.

मासाही पाण्याबरोबरच येतो. पाणी चढायला लागलं की बोय, मुडदुशी किनाऱ्याला लागतात. खाडीच्या तोंडाला तांबोशी, जिताडा फिरतो. गरीला मासा लागायला लागला की माणूस उठत नाही, आणि नेमकी तेव्हाच मागची वाट बुडते. म्हणून परतीची वेळ घरून ठरवून निघा. मोबाईलवर गजर लावा. मासा लागत असला तरी गजर झाला की उठा. बसण्याआधी मागे वळून बघा: वाटेत सखल घळ आहे का? असेल तर तीच आधी भरणार.

३) कयाक आणि वारा
पहाटे मतलई वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. किनाऱ्याला पाणी अगदी शांत दिसतं, म्हणून नवख्याला वाटतं, चला अजून थोडं आत. कयाक हलकी, वारा तिला आपोआप बाहेर नेतो. त्यात सुकतीचं पाणी खाडीच्या तोंडातून बाहेर ओढत असेल, तर वल्ही मारूनही परत येता येत नाही. पहाटेचा मतलई आणि सुकती एकत्र असेल, तर खाडीच्या तोंडाला कयाक घालू नये. दुपारी खारे वारे सुटतात, लाटा वाढतात आणि किनाऱ्याला लागताना कयाक उलटते. त्याआधी परत या.

लाइफ जॅकेट अंगात घाला, कयाकमध्ये ठेवून उपयोग नाही. एकट्याने जाऊ नका. मोबाईल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवा. तटरक्षक दलाचा नंबर १५५४ आणि सागरी सुरक्षेचा १०९३, दोन्ही पोरांना पाठ करायला लावा.

निघण्याआधी हवामान खात्याचा इशारा बघाच. फयान वादळ २००९ च्या नोव्हेंबरात, दिवाळी होऊन गेल्यावरच आलं होतं. पावसाळा संपला म्हणजे समुद्र शांत झाला असं नसतं.

नौकामालकांना एक विनंती. पाहुण्याने कयाक काढली, तर तिथी आणि परतायची वेळ आधी त्याला विचारा. सांगता आली नाही तर त्याच्यासोबत घरातलं जाणतं माणूस द्या, नाहीतर त्या दिवशी पुळणीवरूनच गरवू दे.

ताईंच्या मुलांना मी भाऊबीजेचं गणित घालून ठेवलंय. उत्तर बरोबर आलं तरच रॉड बाहेर निघेल!

आपला,
सचिव