वर्कर्स कॉम्प आणि सरकारी पेन्शन: न्यू जर्सीत नव्याने लागलेल्यांसाठी

राज्य सरकार, काउंटी, म्युनिसिपालिटी, पब्लिक स्कूल अशा ठिकाणी लागलेली आपली माणसं आता पुष्कळ आहेत. व्हिसाबद्दल सल्ला द्यायला दहाजण धावतात. कामावर हातपाय मोडला तर पेन्शनचं काय, हे मात्र कुणी सांगत नाही. म्हणून चारपाच जुन्या घरांतून लिहून घेतलं. ज्याने जसं दिलं तसं ठेवलंय.

परिवहन खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर, मर्सर काउंटी

1. आधी आपला टियर पाहा. पेन्शन फंडात नाव 21 मे 2010 नंतर लागलं असेल तर पर्स (सरकारी कर्मचाऱ्यांचा) आणि टीपीएएफ (शिक्षकांचा) या दोन्ही फंडांत डिसॅबिलिटी रिटायरमेंट नाहीच. त्याऐवजी लाँग टर्म डिसॅबिलिटी विमा आहे. तो पगाराच्या 60 टक्क्यांपर्यंत देतो आणि त्यातून वर्कर्स कॉम्पची रक्कम वजा करतो. नव्यांपैकी जवळजवळ सगळे यातच येतील.

2. इजा झाली की त्याच दिवशी लेखी कळवा. कायदा 90 दिवसांपर्यंत ताणू देतो, तुम्ही ताणू नका. क्लेम पिटिशनला अपघातापासून किंवा शेवटचा पैसा मिळाल्यापासून दोन वर्षं.

3. इथे डॉक्टर मालक ठरवतो. आपल्या ओळखीच्या डॉक्टरकडे परस्पर गेलात तर बिल आपल्याच गळ्यात.

4. तात्पुरत्या भत्त्याचा दर सरासरी आठवड्याच्या पगाराच्या 70 टक्के. कमाल मर्यादा दरवर्षी ठरते. शाळेतल्यांना वेगळं कलम आहे, 18A:30-2.1: कामावरच्या इजेसाठी एक वर्षापर्यंत पूर्ण पगार, आजारपणाची रजा न कापता.

5. सर्वांत महत्त्वाचं. दर आठवड्याला भत्ता चालू असेल तोवर तुमच्या वाट्याची पेन्शन वर्गणी मालकाने भरायची असते, तीही इजेआधीच्या पगारावर. तो काळ सर्व्हिसमध्ये धरला जातो. बिनपगारी रजेसारखा तो काळ पदरचे पैसे घालून विकत घ्यावा लागत नाही.

6. जुन्या टियरवाल्यांसाठी: अॅक्सिडेंटल डिसॅबिलिटी मिळाली तर पगाराच्या 72.7 टक्के, ऑर्डिनरी मिळाली तर 43.6. अॅक्सिडेंटलसाठी ‘ट्रॉमॅटिक इव्हेंट’ सिद्ध करावा लागतो. त्याची कसोटी 2007 च्या रिचर्डसन खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने घालून दिली: घटनेचा वेळ आणि ठिकाण सांगता आलं पाहिजे, ती अनपेक्षित हवी, आणि कारण बाहेरचं हवं, जुना आजार नव्हे. अर्ज साधारण पाच वर्षांच्या आत.

शाळेत एड (वर्गातली मदतनीस) असलेल्या बाईंचे पती, एडिसन

वरचा पाचवा मुद्दा कागदावर फार गोड आहे. आमच्या घरी काय झालं ते ऐका. ही सकाळी बस ड्यूटीवर होती, बर्फावरून पाय सरकला, खांदा गेला. क्लेम मंजूर झाला, चेक येऊ लागले. आम्ही निर्धास्त. मग पेन्शन खात्याचं ऑनलाइन स्टेटमेंट उघडलं तर त्या तिमाहीसमोर वर्गणी शून्य, सर्व्हिसचे महिने शून्य. पेरोलला फोन केला तर म्हणे विमा कंपनीला विचारा. विमा कंपनी म्हणे आमचा पेन्शनशी संबंध नाही. ट्रेंटनच्या पेन्शन ऑफिसला विचारलं तर म्हणे मालकाने कळवल्याशिवाय आम्हाला दिसत नाही. पुन्हा पेरोल. तिथली बाई तोंडावर सांगते, “पगारच नाही तर वर्गणी कशाची?” कायदा तिला ठाऊक नाही, आणि माझ्यासारख्या ॲक्सेंटवाल्याकडून शिकायचीही तयारी नाही! आपल्या जिल्हा परिषदेतला कारकून निदान चहा पिऊन तरी फाइल काढतो.

शेवटी युनियनच्या प्रतिनिधीने कलमाचा आकडा घालून पत्र लिहिलं तेव्हा हलले. भरणा झाला. म्हणून सांगतो: भत्ता सुरू झाला की दर तिमाहीला स्टेटमेंट उघडा, प्रत छापून ठेवा, फोनवर बोललात तर लगेच ईमेलने तेच लिहून पाठवा. आणि युनियनची वर्गणी वाचवू नका. ज्यांना ती उधळपट्टी वाटते त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

एक काकू, पारसिपनी

आपल्या लोकांना दुखणं लपवायची खोड आहे. पाठ धरली तरी कामावर जायचं, क्लेम केला तर साहेब काय म्हणेल, मंडळात चर्चा होईल! मग दोन वर्षांनी आठवण येते. पूर्वी कुणाच्या घरी प्लास्टर घातलेलं माणूस असलं की आठवडाभर आळीपाळीने डबे जायचे. आता गणपतीला सगळे जरीच्या साड्यांत दिसतात, एरवी शेजारच्या गल्लीतलं दुखणं कळत नाही. मुलांना मराठी शिकवा म्हणते ते उगाच नाही. आजीला फोनवर “खांदा दुखतो” एवढं तरी सांगता यावं.

(काकूंनी याच्या तिप्पट लिहिलं होतं. कापल्याबद्दल त्यांची माफी. – संकलक)

वकिलाच्या ऑफिसात काम करणारी सून, जर्सी सिटी

मी फक्त सेटलमेंटवर लिहिते. वर्कर्स कॉम्पचे न्यायाधीश तुम्हाला अमुक टक्के अपंग ठरवतात, अंशतः. जुन्या टियरवाल्यांना पेन्शनचं बोर्ड विचारतं ते वेगळंच: आपल्या नेमून दिलेल्या कामासाठी तुम्ही पूर्ण आणि कायमचे असमर्थ आहात का? पहिल्या ठिकाणी जिंकलात म्हणून दुसरीकडे आपोआप मिळत नाही. दोन्हीकडचे वैद्यकीय अहवाल मात्र एकमेकांशी ताडून पाहिले जातात, तेव्हा एका ठिकाणी एक आणि दुसऱ्या ठिकाणी दुसरं सांगू नका.

सेक्शन 20 म्हणजे एकरकमी तडजोड. केस तिथे कायमची बंद, दुखणं वाढलं तरी उघडत नाही. शिवाय मालकावर दर आठवड्याच्या भत्त्यामुळे वर्गणी भरायची जी जबाबदारी होती, ती पुढच्या काळासाठी राहत नाही. सेक्शन 22 चा आदेश असेल तर शेवटच्या पैशानंतर दोन वर्षांत पुन्हा दाद मागता येते. आणखी एक: भत्ता चालू असतानाच अॅक्सिडेंटल डिसॅबिलिटी रिटायरमेंट मंजूर झाली, तर त्यानंतर जेवढं कॉम्प मिळेल तेवढी पेन्शन कमी करतात. तुमच्या स्वतःच्या वर्गणीतून आलेला भाग तेवढा हात न लावता मिळतो. सही करण्याआधी हा हिशेब वकिलाकडून लेखी घ्या. कॉम्पचे बरेच वकील पेन्शनकडे बघतही नाहीत, हे मी आत बसून सांगतेय.

उरलेलं

पोलीस आणि अग्निशमन दलातलं आपलं कुणी सापडलं नाही. पोर्ट ऑथॉरिटीवाल्यांची पेन्शन न्यूयॉर्क राज्याच्या व्यवस्थेतून येते, वरचं पेन्शनबद्दलचं काहीही त्यांना लागू नाही. पोस्टात किंवा इतर फेडरल नोकरीत असलेल्यांसाठी एका भाऊंनी एवढंच लिहून दिलं: कामावरच्या इजेचा पगारबदली भत्ता आणि फेडरल पेन्शन एकाच वेळी घेता येत नाही, दोहोंपैकी एक निवडावं लागतं. निवडण्याआधी दोन्ही रकमा करासकट मांडून बघा, कारण कॉम्पवर प्राप्तिकर नाही आणि पेन्शनवर आहे.