दार लावून घेतल्यावर
शास्त्रपाठ : २ राजे ४:१-७



२०२० सालचा पुनरुत्थानाचा सण आपणांस आठवतच असेल. २४ मार्चच्या रात्री टाळेबंदीची घोषणा झाली होती, आणि १२ एप्रिलच्या त्या पहाटे उपासनामंदिरांची दारे बंद होती, घरांचीही बंद होती. एकवीस दिवसांची म्हणून सांगितलेली ती टाळेबंदी मे अखेरपर्यंत वाढत गेली. पुढील वर्षी दुसऱ्या लाटेत पुन्हा तेच. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या साथीची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. मग आज हा विषय कशासाठी, असे आपण विचाराल. साथ सरली, परंतु त्या महिन्यांत चार भिंतींच्या आत जे बोलले गेले, ते पुष्कळ घरांतून अद्याप सरलेले नाही. कोठे पतिपत्नींमधील अबोला, कोठे बापलेकांच्या मनातील अढी त्या दिवसांपासूनची आहे. शिवाय क्षयरोग, कांजिण्या, अंथरुणाला खिळलेले वृद्ध माणूस, यांमुळे दार बंद होण्याचे प्रसंग आपल्या घरांवर पुढेही येणारच आहेत.

भाषांतर करणाऱ्याला एक खोड असते. एखादा शब्द मूळ भाषेत आणखी कोठे कोठे आला आहे, हे तो शोधत बसतो. त्या दिवसांत मी 'सागर' या हिब्रू धातूच्या मागे लागलो होतो. (आपल्या समुद्राशी त्याचा काही संबंध नाही.) अर्थ साधाच : बंद करणे, लावून घेणे. इस्राएलात २०२० साली टाळेबंदीसाठी रूढ झालेला 'सेगेर' हा शब्दही याच धातूपासून आलेला आहे. नोहा तारवात गेल्यावर परमेश्वराने त्याच्यामागून दार लावले, तेथे हा धातू आहे. लेवीय १३ मध्ये याजक संशयित रोग्याला सात दिवस वेगळा ठेवतो, तेथेही हाच. मिर्याम सात दिवस छावणीबाहेर राहिली, तेथेही हाच. मराठीत आपण एके ठिकाणी 'दार लावणे' म्हणतो आणि दुसरीकडे 'कोंडून ठेवणे' म्हणतो, म्हणून हे नाते वाचकाच्या ध्यानी येत नाही. कोंडण्यात अपमान आहे. गुरे कोंडवाड्यात कोंडतात. लावून घेण्यात तो नाही.

नोहाविषयी थोडेच सांगतो. उत्पत्तीतील तारखा जुळवून पाहिल्या तर तो एक वर्ष दहा दिवस तारवात होता. माणसे आठ : तो, त्याची पत्नी, तीन पुत्र, तीन सुना. एक सासू, तीन सुना आणि वर्षभर एकच छप्पर! ते आपसांत काय बोलले, याविषयी शास्त्र एक अक्षरही सांगत नाही. मला या मौनाचे पुष्कळ दिवस नवल वाटत होते. टाळेबंदीच्या दुसऱ्या महिन्यात ते वाटेनासे झाले.

मिर्यामेच्या प्रसंगी मात्र थांबावे असे वाटते. तिचे वेगळे राहणे तिच्या अपराधामुळे होते, तरी त्याचे दिवस मोजलेले होते; आणि ती परत येईपर्यंत सगळ्या लोकांनी मुक्काम हलवला नाही. एका स्त्रीसाठी अवघे राष्ट्र थांबले. आपल्या घरात कोणी आजारी म्हणून आतल्या खोलीत राहिले, तेव्हा उरलेले घर त्याच्यासाठी थांबले होते काय, की त्याच्यावाचून पुढे चालू लागले होते?

याच धातूचा आणखी एक उपयोग सांगितलाच पाहिजे. आमोसाच्या पहिल्या अध्यायात तो माणसांना वैऱ्याच्या हाती देण्यासाठी आला आहे. बंद दार सर्वांसाठी तारू नसते. टाळेबंदीच्या काळात कौटुंबिक हिंसाचाराच्या तक्रारी वाढल्याचे राष्ट्रीय महिला आयोगाने नोंदवले होते. अशा घरातील भगिनीला "सोस आणि प्रार्थना कर" असे सांगून परत पाठवणे म्हणजे तिला वैऱ्याच्या हाती देणेच होय. तिच्यासाठी दार उघडणे हे मंडळीचे काम आहे.

आता आपल्या शास्त्रपाठाकडे वळू. येथे दार परमेश्वर लावत नाही, याजकही लावत नाही. एक विधवा स्वतः लावते, आपल्यावर आणि आपल्या दोन मुलांवर. बाहेर सावकार त्या मुलांना गुलाम करून न्यावयास टपला आहे. घरात तेलाच्या एका पात्राखेरीज काही नाही. अलीशा तिला सगळ्या शेजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणावयास सांगतो, आणि नंतर दार लावून घ्यावयास सांगतो. एक गोष्ट लक्षात घ्या : दार लागले तेव्हा संदेष्टा आत नव्हता. चमत्कार झाला तो उपदेशकावाचून झाला. पाचव्या वचनाच्या शेवटी हिब्रूत दोन धातुसाधिते शेजारी शेजारी ठेवली आहेत, मुले आणून देत आहेत, आई ओतत आहे, आणि काम चालूच आहे. संवाद म्हणावा तर एकच, तोही भांड्याविषयी : आणखी एक आण, आता उरले नाही.

हे वचन मला उशिरा कळले. आमचे घर दोन खोल्यांचे. मी, पत्नी, वृद्ध आई आणि बारावीतला मुलगा. माझ्या कामाचे मेज आणि त्याचे मोबाइलवरचे वर्ग एकाच खोलीत. घरी उपासना चालवण्याची संधी मिळाली म्हणून मी रोज सायंकाळी पाऊण तास बोलत असे. माझ्या मते ते मनन होते, घरच्यांच्या मते व्याख्यान. एके दिवशी वर्गाच्या आवाजाने माझी तार तुटली आणि मी मुलाला त्याच्या आजीसमोर, वर्ग चालू असताना, नको ते बोललो. त्याच्या सोबत्यांनीही ते ऐकले. त्या सायंकाळपासून तो प्रार्थनेला बसेनासा झाला. वचनाचे भाषांतर करणाऱ्याच्या घरी असे व्हावे, याची लाज मला अधिक वाटली. त्याच्या दुःखाची त्या मानाने कमी. हाच माझा दुसरा अपराध होता.

पुढे एप्रिल २०२१ मध्ये आमच्या खालच्या मजल्यावरचे कुटुंब आजारी पडले आणि त्यांचे दार लागले. पत्नीने मला किंवा मुलाला काहीही न विचारता तीन माणसांचा स्वयंपाक वाढवला. डबे त्यांच्या दाराशी ठेवावयाचे काम मुलाकडे आले, रिकामे डबे गरम पाण्याने धुवावयाचे माझ्याकडे. आई पोळ्यांना तूप लावत बसे. चौदा दिवस आम्ही भांड्यांखेरीज फारसे काही बोललो नाही, आणि तरीही घरातील हवा पालटली. प्रार्थना मी पाच मिनिटांवर आणली. तीही बहुधा आईच करी.

तेलाने घरातील सगळे प्रश्न सुटले असे मात्र शास्त्र म्हणत नाही. सातव्या वचनात ती बाहेर येऊन संदेष्ट्याला सर्व सांगते, तेव्हा तो तिला क्रमाने तीन कामे सांगतो : तेल विकावे, ऋण फेडावे, आणि उरेल त्यावर मुलांसह निर्वाह करावा. निर्वाहाच्या आधी ऋण आहे. प्रिय वाचकहो, त्या बंद दिवसांतील आपल्या घरातले ऋण कोणाचे राहिले आहे, हे आपण जाणता.

माझे मी त्या वर्षीच्या डिसेंबरात फेडावयास गेलो. मुलाच्या आजीसमोरच त्याची क्षमा मागितली, कारण अपमानही तिच्यासमोरच केला होता. "बरं, बाबा," एवढेच तो म्हणाला आणि पुन्हा पुस्तकात डोके घातले. दुसऱ्या दिवशी सायंकाळी प्रार्थनेच्या वेळी तो आला. बसला नाही, दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. आईने त्याच्यासाठी थोडे सरकून सतरंजीवर जागा केली.