कपाशीवरील गुलाबी बोंडअळी व तिचा पतंग

पैसेवारीच्या कागदावरून पिकाची तूट किती तें समजतें. ती कोणत्या वाटेनें आली तें समजत नाहीं. म्हणून कपाशीचा घात करणाऱ्या एका लहानशा तपकिरी पतंगाची माहिती आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

पंख पसरले असतां हा पतंग सुमारें पाऊण इंच भरतो. दिवसां तो जमिनीच्या भेगांत व पालापाचोळ्यांत दडतो आणि रात्रीं फिरतो. त्यामुळें कास्तकाराच्या दृष्टीस क्वचितच पडतो. मादी पात्या, फुलें व कोवळीं बोंडें यांवर अंडीं घालते. चार-पांच दिवसांत अळी निघते. फुलांत शिरलेली अळी पाकळ्या धाग्यानें बांधते. अशा मिटलेल्या फुलास डोमकळी म्हणतात. बोंडांत शिरल्यावर तिचें छिद्र बुजून जातें. मग बाहेरून बोंड निरोगी, पण आंत सरकी पोखरलेली व रुई डागाळलेली, असा प्रकार होतो. सुमारें महिन्याभरांत दुसरी पिढी उभी राहते.

मुख्य गोष्ट पुढेंच आहे. हंगामाच्या अखेरीस पुष्कळ अळ्या लगेच कोषांत न जातां, सरकींत व किडक्या बोंडांत कित्येक महिने निद्रिस्त राहतात. फरदड राखली कीं त्यांस अन्न मिळतें. किडक्या बोंडांसह पऱ्हाटी बांधावर रचली कीं घर मिळतें.

आपल्याकडे 2002 सालीं बीटी कपाशी व 2006 सालीं दोन जनुकांचें बियाणें आलें, तेव्हां ही चिंता मिटली असें वाटलें. परंतु अळींत प्रतिकारशक्ति उत्पन्न होऊन 2017 सालीं विदर्भ-मराठवाड्यांत मोठी हानि झाली. उलटपक्षीं, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, टेक्सासमध्यें, 1917 सालीं आढळलेल्या या किडीचें तेथील कापूस-प्रदेशांतून निर्मूलन झाल्याचें 2018 सालीं जाहीर झालें. तेथें बीटीच्या जोडीस वांझ पतंग सोडणें, कामगंधाचा वापर व पऱ्हाटीचा नाश, हे उपाय सर्वांनीं मिळून योजिले.

यास्तव आमची सूचना अशी :

1. डिसेंबरअखेर वेचणी संपवावी. फरदड घेऊं नये.
2. पऱ्हाटी उपटून, बारीक करून तिचें खत करावें.
3. डोमकळ्या दिसतांच तोडून नष्ट कराव्या.
4. हेक्टरीं पांच कामगंध सापळे लावावे. सलग तीन रात्रीं दर सापळ्यांत आठ पतंग पडल्यास कृषि खात्याच्या सल्ल्यानें फवारणी करावी.

पतंगास बांध व सर्व्हे नंबर कळत नाहींत. एका शेतांत राहिलेला पऱ्हाटीचा ढीग साऱ्या शिवारास पुरतो. म्हणून हें काम गांवानें एकजुटीनें करावें.