पडदा मोठा हवा की खरा?

छायाचित्रण ही कला आहे असे आपण म्हणतो. परंतु टिपलेले छायाचित्र कागदावर उतरेपर्यंत मध्ये जी एक पायरी असते, तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ती पायरी म्हणजे संगणकाचा पडदा, अर्थात मॉनिटर. उजेड कमीजास्त करणे, रंग सुधारणे, डाग पुसणे ही सारी कामे आपण पडद्यावर पाहूनच करतो. पडद्यानेच चुकीचे सांगितले तर त्यावर विश्वासून केलेले सारे काम चुकते. ही गोष्ट मला प्रथम पुस्तकातून नव्हे, तर स्वतःच्या चुकीतून कळली.

कॉलेज सुटल्यावर संध्याकाळी मी एका फोटो स्टुडिओत काम करतो. गेल्या पावसाळ्यात एक शेतकरी गृहस्थ आपल्या आईचा फोटो मोठा करून घेण्यासाठी आले. आई नुकतीच वारली होती आणि तेराव्याच्या आत फोटो हवा होता. त्यांच्याजवळ तिचा एकच फोटो होता. नातवाच्या बारशात कोणीतरी मोबाईलवर काढलेला. मी दोन तास बसून मागची गर्दी पुसली, चेहऱ्यावरची सावली सारखी केली. पडद्यावर फोटो फार छान दिसत होता. छापून आला तेव्हा मात्र चेहरा काळवंडलेला, हिरवे लुगडे जवळजवळ काळे आणि डोळे अंधारात बुडालेले. ते गृहस्थ बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “पोरा, ही आमची म्हातारी न्हाय.”

स्टुडिओचे मालक म्हणाले, “पडदा जुना झाला. आता चांगला मोठा घेऊ. कोणता घ्यायचा ते तूच बघ.” त्या निमित्ताने जो अभ्यास घडला, तो येथे मांडत आहे.

१. दोष कोणाचा?

कागदाला स्वतःचा उजेड नसतो. तो खोलीतला उजेड परत पाठवतो. पडदा मात्र स्वतः प्रकाश देतो. ही प्रखरता ‘कँडेला प्रति चौरस मीटर’ या मापाने मोजतात. बाजारात तिला ‘निट’ म्हणतात. साधारण पडदे कमाल २५० ते ४०० निट उजेड देऊ शकतात. छपाईसाठी काम करताना मात्र ८० ते १२० निट पुरेसे मानतात. आमचा पडदा पूर्ण प्रखरतेवर लावलेला होता. त्यामुळे मुळात अंधारा असलेला फोटो मला उजळ दिसला, मी तो आणखी उजळ केला नाही आणि कागदाने खरे काय ते दाखवले.

मग मी एक साधा प्रयोग केला. पडद्यावर कोरे पांढरे पान उघडले, शेजारी छपाईचा कोरा कागद ट्यूबलाइटखाली धरला आणि दोन्ही सारखे वाटेपर्यंत पडद्याचा उजेड उतरवला. तेव्हा त्या माउलीचा चेहरा पडद्यावरही काळवंडलेलाच दिसू लागला! तो पुन्हा सुधारून छापला. या वेळी डोळे दिसले, लुगडे हिरवे आले. म्हणजे बराचसा दोष जुन्या पडद्याचा नव्हता, तो वापरणाऱ्याचा होता. नवा पडदा घेण्यापूर्वी प्रत्येकाने हा प्रयोग अवश्य करावा. त्याला एक पैसाही लागत नाही.

२. आकार आणि बिंदू

पडद्याचा आकार कर्णाच्या इंचांत सांगतात. २४ इंची पडदा सुमारे २०.९ इंच रुंद व ११.८ इंच उंच असतो. २७ इंची पडदा सुमारे २३.५ इंच रुंद व १३.२ इंच उंच. कर्णात फरक तीनच इंचांचा, पण क्षेत्रफळ सव्वापटीहून थोडे अधिक वाढते. आमच्या कामात याचा नेमका उपयोग आहे. लग्नाच्या अल्बमचे एक पान बहुधा १२ बाय १८ इंचांचे असते. २७ इंची पडद्यावर ते पान आडवे, अगदी खऱ्या मापाने मावते आणि बाजूला हत्यारांच्या पट्टीसाठी पाच इंच जागा उरते. २४ इंचीवर ते उंचीत थोडक्यात हुकते.

परंतु नुसता आकार वाढवून भागत नाही. पडद्यावरील चित्र बिंदूंचे बनलेले असते. १९२० बाय १०८० बिंदूंचा पडदा २७ इंची घेतला तर एका इंचात सुमारे ८२ बिंदू बसतात. त्याच आकारात २५६० बाय १४४० बिंदू असतील तर १०९ आणि ३८४० बाय २१६०, म्हणजे ज्याला ‘फोर के’ म्हणतात तो असेल तर १६३. निरोगी डोळा साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाइतका बारकावा ओळखतो. दोन फुटांवरून पाहताना हे अंतर सुमारे ०.१८ मिलिमीटर होते. ८२ बिंदूंच्या पडद्यावर एक बिंदू ०.३१ मिलिमीटरचा असतो. म्हणजे तो डोळ्यांना खुपतो, केस आणि पापण्या खडबडीत दिसतात. फोर के पडद्यावर तो ०.१६ मिलिमीटरचा होतो, म्हणजे जवळजवळ दिसेनासा. तेव्हा मोठा पण विरळ बिंदूंचा पडदा म्हणजे नुसते ताणून मोठे केलेले चित्र होय. मात्र फोर के घेताना आपल्या संगणकाची जोडणी तपासावी. जुनी एचडीएमआय १.४ जोडणी असेल तर त्यावर चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलते आणि माउस अडखळल्यासारखा चालतो.

३. रंगांची कक्षा

पडद्याच्या काचेमागील पटलाचे प्रमुख प्रकार तीन: टीएन, व्हीए आणि आयपीएस. टीएन स्वस्त असते. पण मान थोडी हलवली तरी रंग बदलतो. आमचा जुना पडदा याच जातीचा होता. मी बसून पाहिलेला चेहरा मालक मागे उभे राहून पाहत, तेव्हा त्यांना तो वेगळाच दिसे आणि आमचा उगाच वाद होई. व्हीएमध्ये काळा रंग गडद येतो. बाजूने पाहताना मात्र छटा पालटतात. आयपीएसमध्ये बाजूनेही रंग बरेचसे स्थिर राहतात, म्हणून छायाचित्राच्या कामास ते पसंत केले जाते. अलीकडे ओएलईडी पडदेही मिळतात. त्यांचा काळा रंग खरोखर काळा असतो. पण एकच चित्र वा पट्टी फार काळ राहिल्यास तिचा ठसा कायम उमटण्याचा धोका असतो आणि आमच्या कामात हत्यारांची पट्टी दिवसभर एकाच जागी असते.

दुसरी गोष्ट म्हणजे पडदा किती रंग दाखवू शकतो. यासाठी ठरावीक कक्षा आखलेल्या आहेत. १९९६ साली एचपी आणि मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनी मांडलेली ‘एसआरजीबी’ ही सर्वांत रूढ. १९९८ ची ‘अ‍ॅडोबी आरजीबी’ तिच्याहून विस्तृत असून तीत हिरवे आणि निळसर हिरवे रंग अधिक सामावतात. पडदा एसआरजीबीचा जवळजवळ शंभर टक्के भाग दाखवणारा असावा, ही किमान अट. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? जो रंग पडद्यालाच दाखवता येत नाही, तो कितीही जुळवाजुळव केली तरी दिसणार नाही. मात्र बहुतेक फोटो लॅब फाइल एसआरजीबीतच मागतात. तेव्हा केवळ अल्बमचे काम असेल, तर विस्तृत कक्षेसाठी जादा पैसे मोजण्याची घाई करू नये.

४. काट्यावरचा शिक्का

वाण्याच्या दुकानातील काटा ठरावीक मुदतीने तपासून त्यावर शिक्का मारून घ्यावा लागतो. काटा नवा आणि महाग असला तरी त्यातून सूट नाही. पडद्याचेही तसेच आहे. वापराने त्याचा उजेड आणि रंग हळूहळू ढळतात. रोज पाहणाऱ्या डोळ्यांना ते कळत नाही, कारण डोळा सवयीने समोरच्या पांढऱ्यालाच पांढरे मानू लागतो. म्हणून पडद्यावर ठेवून रंग मोजणारे एक लहान यंत्र मिळते. ते एकेक रंग मोजते आणि चुकीचा हिशेब एका फाइलमध्ये लिहून संगणकाला देते. या जुळवणीला कॅलिब्रेशन म्हणतात. तेव्हा पांढरा रंग ६५०० केल्विन, गॅमा २.२ आणि प्रखरता आपल्या खोलीला साजेशी ठेवण्याचा प्रघात आहे. माझे स्पष्ट मत असे, की या यंत्राचे पैसे पडद्याच्या रकमेतून आधी बाजूला काढावेत आणि उरतील त्यांत पडदा बसवावा.

खोलीचाही विचार हवा. आमच्या स्टुडिओच्या भिंती गुलाबी होत्या. त्यांची झाक कागदावर पडून आम्ही प्रिंटलाच दोष देत असू. पडद्यावर खिडकीचा उजेड पडू नये, भिंत शक्य तर राखाडी असावी आणि रात्री पडदा पिवळसर करणारी सोय कामाच्या वेळी बंद ठेवावी.

५. दुकानात काय पाहावे?

दुकानात सारे पडदे झगझगीत लावून ठेवलेले असतात आणि आपली नजर सर्वांत भडक पडद्यावर ठरते. म्हणून पेन ड्राइव्हमध्ये तीन चित्रे न्यावीत. पहिले, संपूर्ण राखाडी. त्यात कोपरे काळवंडलेले किंवा एखादी बाजू गुलाबी-हिरवट दिसते का ते पाहावे. दुसरे, काळ्याकडून पांढऱ्याकडे सावकाश जाणारी पट्टी. तीत पायऱ्या दिसू नयेत. तिसरे, आपल्या ओळखीच्या माणसाचा साधा फोटो. त्याची चांगली छापलेली प्रत बरोबर ठेवावी आणि पडद्याचा उजेड उतरवून दोन्ही शेजारी पाहावीत.

हा ओळखीचा चेहरा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. फिल्मच्या काळात कोडॅक कंपनी छपाईचे रंग जुळवण्यासाठी प्रयोगशाळांना नमुन्याचे चित्र देत असे. त्यावर बराच काळ गोऱ्या वर्णाची स्त्री असे. त्या चित्रांना ‘शर्ली कार्ड’ असे नाव पडले. त्या मापाने जुळवलेल्या छपाईत सावळे चेहरे नीट उमटत नसत. निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रियांचे कार्ड १९९० च्या दशकात आले. तेव्हा आपले माप आपल्या माणसांचेच असावे. आमच्याकडे ‘जरा गोरे करा’ असे सांगणारे रोज येतात. पण उन्हात राबलेला चेहरा जसा आहे तसा दिसावा, असे वाटणारेही असतात. त्यांना तसा फोटो देता आला नाही, तर आमची कला काय कामाची?

शेवटी आम्ही ३२ इंचीचा मोह सोडला. त्याच रकमेत २७ इंची, २५६० बाय १४४० बिंदूंचा आयपीएस पडदा आणि जुळवणीचे यंत्र अशा दोन्ही वस्तू बसल्या. मोठा पडदा काम सोपे करतो यात शंका नाही. परंतु तो आधी खरा असावा, मग मोठा.

ते गृहस्थ दुसरा फोटो न्यायला आले तेव्हा नवा पडदा आलेला नव्हता. तो फोटो जुन्याच पडद्यावर, उजेड उतरवून केलेला होता. त्यांनी तो पाहिला, काही बोलले नाहीत, डोक्याचा टॉवेल सोडून त्यात गुंडाळला आणि पावसात तसेच उघड्या डोक्याने निघून गेले.