अबोल कोण झालं, माणूस की आवाज?

प्रश्न : माझे वडील ७६ वर्षांचे आहेत. आयुष्यभर हायस्कुलात शिकवलं. माइक नसताना मागच्या बाकापर्यंत आवाज जायचा. गेल्या दोनेक वर्षांत तो बारीक आणि कापरा झालाय. कुरिअरवाला फोनवर त्यांना 'मॅडम' म्हणतो. ज्येष्ठ नागरिक संघाच्या बैठकीला जाणं त्यांनी जवळपास सोडलंय, घरी पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसतात. नातेवाईक म्हणतात, "वय झालं की माणूस अबोल होतोच." खरंच वयामुळे स्वभाव असा बदलतो, की हे सगळं आवाजामुळे? आणि यावर काही उपाय असतो का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या पत्रातला सगळ्यात कामाचा पुरावा त्या कुरिअरवाल्याने दिलाय. तो वडिलांना ओळखत नाही, त्यांचं वय त्याला ठाऊक नाही. त्याने नुसता आवाज ऐकला आणि बाईचा समजला. म्हणजे बदल खरा आहे, कुणाच्या मनाचा खेळ नाही. उतारवयात पुरुषांचा बोलण्याचा स्वर वर सरकतो आणि बायकांचा खाली येतो. ऐन तारुण्यात पुरुषाचा स्वर साधारण १०० ते १३० हर्ट्झच्या आसपास असतो आणि बाईचा २०० च्या आगेमागे. सत्तरीनंतर हे अंतर बरंच कमी होतं. म्हणून इकडे वडिलांना 'मॅडम' ऐकावं लागतं, तर तिकडे एखादी मावशी गॅस सिलिंडरसाठी फोन करते आणि पलीकडून "बोला सर" येतं. त्या वेळी दोघंही हसण्यावारी नेतात. पुढच्या खेपेला मात्र फोन मुलाच्या हातात देतात.

घशात काय होतं ते आधी सांगतो. स्वरयंत्रात दोन स्वरतंतू असतात. बोलताना ते एकमेकांना टेकतात आणि खालून येणाऱ्या श्वासाने सेकंदाला शंभर-दोनशे वेळा थरथरतात. वयाबरोबर त्यांच्यातला स्नायू झिजतो, वरच्या थराची लवचीकता जाते आणि सरळ कडा मधोमध आत झुकतात. तंतू मिटले तरी मध्ये फट उरते, आणि त्या फटीतून हवा नुसतीच निसटते. भाता फाटलेल्या पेटीसारखं होतं. कितीही हवा भरा, सूर ठरत नाही. झिजलेले तंतू हलके आणि ताठर होतात, म्हणून पुरुषाचा स्वर चढतो. बायकांच्या बाबतीत पाळी गेल्यानंतर संप्रेरकं बदलतात, तंतूंना थोडी सूज आणि जाडी येते, म्हणून स्वर उतरतो. भोवतीच्या कूर्चा हाडासारख्या कडक होतात, घशातली ओल कमी होते, छातीचा पिंजरा ताठरतो आणि वाक्य पुरं व्हायच्या आत दम संपतो. याला डॉक्टर 'प्रेसबायफोनिया' म्हणतात. हे सर्वांच्या वाट्याला सारख्या प्रमाणात येत नाही, पण दुर्मीळही नाही. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ६५ वर्षांपुढच्या ११७ जणांना विचारलं होतं. त्यांच्यापैकी सुमारे २९ टक्के लोकांना त्या वेळी आवाजाचा काही ना काही त्रास होता.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे. चारचौघांत बोलायला संधी कुणी देत नसतं, ती पटकावावी लागते. २००९ साली दहा भाषांतल्या संभाषणांचा एक अभ्यास झाला. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत सरासरी किती वेळ जातो, हे त्यात मोजलं होतं. उत्तर आलं, सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास. एवढ्याशा फटीत तुमच्या वडिलांनी शिरायचं आहे. त्यांना आधी श्वास घ्यावा लागतो. मग पहिलं अक्षर उमटतच नाही, नुसती हवा येते. खाकरून पुन्हा सुरुवात करेपर्यंत मेहुण्याने कांद्याचा भाव काढलेला असतो. त्यावर बोलायला तोंड उघडावं, तर गप्पा पुतण्याच्या पॅकेजवर गेलेल्या. असं दोन-तीनदा झालं की माणूस हात गुडघ्यावर ठेवून नुसता मान डोलावत बसतो, आणि बघणारे म्हणतात, "अप्पा हल्ली फार शांत झालेत."

त्यात गोंगाट. आवाजी जागेत आपण न ठरवता आवाज चढवतो. एत्येन लोम्बार यांनी १९११ साली हे नोंदवलं, म्हणून त्याला लोम्बार परिणाम म्हणतात. तरुण घशाला ते सहज जमतं. तंतूंत फट पडलेल्या घशाला जमत नाही, तिथे जोर लावला की आवाज चिरकतो आणि घसा दुखतो. कार्यालयातली पंगत, डीजे लावलेलं बारसं, टीव्ही चालू असलेला दिवाणखाना ही ठिकाणं म्हणूनच म्हातारी माणसं आधी सोडतात.

आपल्याकडे माणसाचा मान बराचसा आवाजावर उभा असतो, याचा विचार फारसा होत नाही. आरती कोण उचलणार, मंगलाष्टकाचं कडवं कोण म्हणणार, भजनात अभंग कोण सांगणार, सोसायटीच्या सभेत सेक्रेटरीला दोन शब्द कोण सुनावणार, हे सगळं आवाजावर ठरतं. गणपतीतलं दृश्य आठवा. कुणीतरी तरणा मुलगा आरती भलत्या उंच पट्टीत सुरू करतो. आजोबा पहिल्या ओळीला तोंड उघडतात, दुसऱ्या ओळीपासून नुसत्या टाळ्या वाजवतात. पुढच्या वर्षी ते आरतीच्या वेळी प्रसादाची तयारी बघायला आत गेलेले असतात. घरात कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण प्रसाद वेळेवर मिळतो.

फोनचा प्रश्न आणखी अवघड. साध्या फोनमधून ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पलीकडे जातो, आणि समोर चेहरा नसतो, ओठ दिसत नाहीत. सगळा भार आवाजावर. पलीकडून तिसऱ्यांदा "काय? ऐकू येत नाहीये" आलं की "काही नाही, ठेवतो" म्हणून फोन बंद होतो. दुसऱ्या गावातल्या मित्राशी असलेलं पन्नास वर्षांचं नातं कधीकधी एवढ्याच कारणाने थांबतं, आणि दोघांनाही वाटतं की समोरच्याने ते थांबवलं.

पण मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती म्हाताऱ्या जोडप्यांची. वयाने कान जातो तो आधी वरच्या स्वरांना. स, श, फ यांसारखी व्यंजनं निसटू लागतात. आजोबांचा कान असा झालेला, आजींचा आवाज घोगरा नि दमलेला. ती स्वयंपाकघरातून काही सांगते, याला ऐकू येत नाही; ती पुन्हा सांगते, तो म्हणतो "ओरडतेस कशाला". हळूहळू त्यांच्यात दोनच वाक्यं उरतात: "जेवायला चला" आणि "गोळी घेतली का?" पंचेचाळीस वर्षांच्या संसारात भांडायलाही आवाज लागतो. तुम्ही आईबद्दल काही लिहिलेलं नाही. त्या असतील, तर दोघांचेही कान तपासून घ्या. नुसत्या वडिलांच्या घशावर उपाय करून अर्धंच काम होईल.

तेव्हा नातेवाइकांचं म्हणणं मला पटत नाही. वयाने माणूस थोडा निवांत होत असेल, पण ज्याने आयुष्यभर वर्ग सांभाळला, तो दोन वर्षांत आतल्या खोलीत जाऊन बसतो, याला स्वभाव म्हणणं म्हणजे आपली सुटका करून घेणं आहे. तरी एक गोष्ट तपासून पाहा. सकाळी, शांत घरात, एकट्या नातवाशी ते मोकळेपणी बोलतात का? बोलत असतील आणि संध्याकाळी चारचौघांत गप्प होत असतील, तर घसा नाहीतर कान दोषी असण्याची शक्यता जास्त. कुणाशीच बोलत नसतील, पेपर उघडत नसतील, जेवणावरची वासना गेली असेल, तर ते नैराश्य असू शकतं. त्याची वाट वेगळी आहे. आणि आवाज एकसुरी, पुटपुटल्यासारखा झाला असेल, अक्षर बारीक होत चाललं असेल, चाल मंदावली असेल, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. पार्किन्सनमध्ये आपला आवाज खाली गेलाय हे त्या माणसाला स्वतःला जाणवतच नाही. तो म्हणतो, "मी नीट बोलतोय, तुमचेच कान गेलेत."

त्याहून महत्त्वाचं : घोगरेपणा तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला असेल, तर 'वयच झालंय' असं म्हणण्याआधी कान-नाक-घसा तज्ज्ञाने दुर्बिणीतून स्वरयंत्र पाहिलेलं असलं पाहिजे. विडी, सिगारेट, तंबाखू, मिश्री यांतलं काही असेल, गिळताना दुखत असेल, थुंकीत रक्त दिसत असेल, तर तीन आठवडेही थांबू नका. गाठ, तंतूचा लकवा, आम्लपित्त, थायरॉइड यांनीही आवाज बदलतो. दम्याच्या पंपातल्या औषधाने घशात बुरशी धरते, म्हणून पंप घेतल्यावर गुळण्या करायच्या असतात. हे अनेकांना कुणी सांगितलेलंच नसतं.

तपासणीत बाकी काही निघालं नाही आणि निव्वळ वयाचाच बदल ठरला, तर उपाय आहेत, आणि ते लोकांना वाटतात त्यापेक्षा बरे आहेत. पहिला उपाय म्हणजे व्यायाम. हातापायांचे स्नायू या वयातही व्यायामाने सुधारतात, तसे गळ्याचेही. स्पीच थेरपिस्ट ठरावीक स्वर लांबवायला, खालून वर आणि वरून खाली घसरवायला शिकवतात. साधारणपणे दिवसातून दोनदा, सहा ते आठ आठवडे हे करायचं असतं. बारीक स्ट्रॉ तोंडात धरून त्यातून 'ऊ' काढत राहणं हाही त्यातलाच एक प्रकार. दिसायला पोरखेळ, पण त्याने तंतूंवर ताण न येता ते नीट थरथरतात. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत आणि नायर रुग्णालयात वाणी-श्रवण विभाग आहेत. तुमच्या भागातल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करा. व्यायामाने भागलं नाही, तर तंतूंत हायल्युरॉनिक ॲसिडसारखा भराव टोचून फट कमी करतात. त्याहीपुढे बाहेरून छोटी शस्त्रक्रिया करून तंतू मध्ये सरकवता येतो. क्योटोच्या नोबुहिको इश्शिकी यांनी ही पद्धत १९७४ साली मांडली.

घरगुती उपायांबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. ज्येष्ठमध, खडीसाखर, लवंग चघळल्याने घशाला बरं वाटतं, लाळ सुटते. पण गिळलेलं काहीही स्वरतंतूंना लागत नाही, ते अन्ननलिकेत जातं. तंतूंवर पडलं तर ठसकाच लागेल. वाफ मात्र तिथपर्यंत पोचते. दिवसभर घोट घोट पाणी प्यावं. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर ते किती, हे डॉक्टरांना विचारून. सारखं खाकरणं सोडायला हवं, कारण त्याने तंतू एकमेकांवर आपटतात. कवळी सैल असेल तर ती आधी नीट बसवून घ्या. निम्मी व्यंजनं तिथेच अडलेली असतात.

गाण्याची आवड असेल तर भजनी मंडळ सोडू देऊ नका, फक्त पट्टी उतरवा. काळी चारचा हट्ट सोडून काळी एकवर यायला कुणाची हरकत नसावी. मोठमोठे गवई वयानुसार तेच करतात. पंडित भीमसेन जोशी २००७ च्या सवाई गंधर्व महोत्सवात गायले तेव्हा त्यांनी पंच्याऐंशी ओलांडली होती. गाणं जमत नसेल तर रोज पंधरा मिनिटं पेपरातला अग्रलेख मोठ्याने वाचू द्या. शिक्षकाला ते आवडेलही, वर चुकाही काढता येतील.

बाकीचं काम तुमचं. त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. थांबलेत ते दमासाठी, शब्दासाठी नव्हे. पाहुणे आले की टीव्ही बंद. त्यांची खुर्ची कोपऱ्यात न ठेवता मध्ये घ्या, म्हणजे कुणाचंही तोंड त्यांच्यापासून हातभर अंतरावर राहील. मित्राला साधा फोन न लावता व्हिडिओ कॉल लावून द्या, आणि तोही दुपारच्या आत, कारण दिवस कलेल तसा घसा थकतो. संघाच्या बैठकीसाठी टूर गाइड कमरेला लावतात तसला छोटा स्पीकर आणि डोक्याला अडकवायचा माइक मिळतो. वडील "मला काय गरज" म्हणतील. तेव्हा तो संघानेच घ्यावा आणि प्रत्येक वक्त्याने लावावा, म्हणजे प्रश्न मिटला. तिथे त्यांच्यासारखे आणखी चार-सहा जण मागच्या रांगेत बसलेले असणार.

डॉक्टरांकडे जाताना चालू गोळ्यांची यादी न्या, आणि जुन्या लग्नाच्या व्हिडिओत किंवा निरोप समारंभात त्यांचं बोलणं सापडलं तर मोबाइलवर घेऊन जा; आधीचा आवाज कसा होता हे तोंडी सांगता येत नाही. 'व्हॉइस हँडिकॅप इंडेक्स' नावाची ३० प्रश्नांची यादी १९९७ पासून वापरात आहे. आवाजामुळे तुम्ही घोळक्यात जाणं टाळता का, फोन टाळता का, लोक तुम्हाला पुन्हा बोलायला लावतात का, अशा स्वरूपाचे प्रश्न तिच्यात असतात. त्यांची उत्तरं वडिलांनाच देऊ द्या. डॉक्टरांनी "काय त्रास होतोय?" विचारलं की शेजारी बसलेल्या मुलाने किंवा मुलीने सगळं सांगून टाकायचं, ही आपल्याकडची रीतच आहे. त्या दहा मिनिटांत तुम्ही गप्प बसा. डॉक्टरांना त्यांचाच आवाज ऐकायचा असतो.