मांजर आणताय? आधी घराकडे पाहा

उंदरांनी धान्याची पोती कुरतडली, की आपल्याकडे मांजर आणण्याचा विषय निघतो. हल्ली तो मुलांच्या हट्टापायीही निघतो. शेजारच्या माळ्यावर मांजरीला पिल्ले झाली, त्यातले एक पिशवीत घालून आणले, पुढ्यात वाटीभर दूध ठेवले, झाले! घराची काही तयारी करायची असते, हे कोणाच्या ध्यानीमनीही नसते. मग एकाला ओरखडा, दुसऱ्याला गजकर्ण, आजोबांचा दमा उसळलेला आणि सून गरोदर असेल तर सारे घर घाबरलेले, अशी मंडळी दवाखान्यात येतात. यातले बरेचसे टाळता येते.

पिल्लू आणण्यापूर्वी घरात कोण कोण आहे ते पाहावे. 'मांजराचा केस पोटात गेला की रोग होतो' हा समज जुना आहे. एखादा केस पोटात गेल्याने काही होत नाही. त्रास होतो तो मांजराच्या लाळेतील व कातडीतील एका प्रथिनामुळे. मांजर अंग चाटते, ती लाळ वाळते आणि तिचे सूक्ष्म कण हवेत, गाद्यांत, पडद्यांत जाऊन बसतात. ज्याला दमा आहे, सकाळी उठल्याबरोबर ज्याला शिंका येतात, त्याने आधी मांजर असलेल्या घरी दोन-चार वेळा तासभर बसून पाहावे. छातीत घरघर सुरू झाली, तर तो विचार सोडून द्यावा. मांजर आणून महिन्याभराने रस्त्यावर सोडण्यापेक्षा हे बरे.

गरोदर स्त्रियांविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण इथे भीतीही फार आणि गैरसमजही फार. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा एक परजीवी मांजराच्या विष्ठेतून पसरू शकतो. गरोदरपणी त्याची प्रथमच लागण झाली, तर गर्भाला इजा होऊ शकते, हे खरे. परंतु विष्ठेतील हे जंतू बाहेर पडल्याबरोबर लागण करीत नाहीत. त्यांना त्यासाठी एक ते पाच दिवस लागतात. म्हणून विष्ठा रोजच्या रोज काढली, की धोका बराच घटतो. ते काम गर्भवतीने करू नये, घरातल्या दुसऱ्या कोणी करावे. (घरातील पुरुषांना हे काम जमते, असा माझा अनुभव आहे.) अर्धवट शिजलेले मटण, न धुतलेल्या भाज्या आणि बागेतली माती यांतूनही हाच जंतू पोटात जातो. तेव्हा मांजर हाकलून दिले आणि कोथिंबीर तशीच चिरली, तर काय साधले? पिल्लू घरी येण्यापूर्वी एका पसरट घमेल्यात बारीक वाळू भरून ते स्वयंपाकघरापासून दूर, निवांत कोपऱ्यात ठेवावे. बाळाच्या पाळण्यात मात्र मांजर झोपू देऊ नये. पाळण्याला मच्छरदाणी लावावी.

पिल्लू आठ आठवड्यांचे झाल्याशिवाय आईपासून तोडू नये. आणल्यावर मुलांच्या हाती देण्याआधी पशुवैद्यकांकडे न्यावे. जंतांचे औषध, पिसवांचा बंदोबस्त आणि वय तीन महिन्यांचे झाले की रेबीजची लस, तीही दरवर्षी. कातडीवर केस गेलेले गोल चट्टे असतील, तर ते गजकर्ण असू शकते व ते माणसालाही होते. त्यावर दुकानातून आणलेली स्टिरॉइडमिश्रित मलमे चोळू नयेत. चट्टा दबल्यासारखा दिसतो आणि आतून पसरतो.

आता सर्वात महत्त्वाचे. रेबीज केवळ कुत्र्यापासून होतो असे पुष्कळांना वाटते. मांजराच्या चाव्यानेही तो होतो आणि एकदा लक्षणे दिसू लागली, की रोगी वाचणे जवळजवळ अशक्य. मांजर चावले किंवा त्याने ओरबाडले, तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवावी. घड्याळ लावून पंधरा. हळद, चुना, तिखट काही भरू नये. मग त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची धास्ती अजून आहे. ती जुनी लस आपल्या देशात २००५ पासून बंद आहे. आता लस दंडात देतात. सरकारी रुग्णालयात बहुधा कातडीत देतात, पहिला दिवस शून्य धरून ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. रक्त आले असेल, तर जखमेत सीरमही भरावे लागते. पाळलेले मांजर दहा दिवस नजरेखाली ठेवावे, पण त्यासाठी लस थांबवू नये.

मांजराचे दात सुईसारखे असतात. वरून टोचल्यासारखे दिसते आणि आत पू होतो. चोवीस तासांत हात सुजून लाल झाला तर थांबू नये. ओरखड्यानंतर एक-दोन आठवड्यांनी काखेत गाठ आली, तर डॉक्टरांना 'घरी मांजर आहे' हे आवर्जून सांगा. नाहीतर क्षयाच्या तपासण्या सुरू होतात.

मुले ओरखडा लपवतात. 'सांगितले तर बाबा मांजर सोडून येतील' ही त्यांची भीती. म्हणून पिल्लू आणायच्या दिवशीच मुलाला सांगावे, की ओरखडा दाखवलास तर कोणी रागावणार नाही, मांजरही जाणार नाही. आणि तो शब्द पाळावा.

आपल्या औषधांचा डबा उंच, बंद ठेवावा. ताप आला म्हणून मांजराला पॅरासिटामॉलची अर्धी गोळी देणारे लोक आहेत. मांजराच्या यकृताला ती पचवता येत नाही, अर्ध्या गोळीनेही ते दगावू शकते. फिनाईलचेही तसेच: फरशीवरचे पायाला लागते आणि चाटून पोटात जाते. मांजर आणले, की उंदरांचे विष घरातून काढावे. विष खाल्लेला उंदीर मांजरालाही मारतो. शिलाईचा दोरा, सुई, मांजा उचलून ठेवावा. दोरा गिळला, तर आतडे आवळते.

दूध मोठ्या मांजराला सोसतेच असे नाही, अनेकांना त्याने जुलाब होतात. दूधपोळीवर मांजर जगते हा समज चुकीचा आहे. टॉरीन नावाचे द्रव्य त्याला मांसातून मिळावे लागते, न मिळाल्यास डोळे जातात, हृदय अशक्त होते. ज्यांच्या घरात मांसाहार चालत नाही, त्यांनी मांजराचे तयार खाद्य आणून पडवीत द्यावे; तेही चालणार नसेल, तर मांजर आणू नये.