अंगणातील पाहुणे : हिवाळ्यातील पक्षिनिरीक्षण आणि दाणापाणी

निवासी शाळेचे आवार हे विद्यार्थ्यांचे दुसरे घर असते. परंतु ते केवळ विद्यार्थ्यांचेच घर असते असे नाही. कौलांच्या वळचणीला चिमण्या असतात, भोजनगृहाच्या मागे साळुंक्या असतात, नळाच्या ओलाव्याशी शेपटी हलवीत धोबी फिरत असतो. या सहनिवासींना आपण रोज पाहतो आणि तरीही ओळखत नाही. प्रस्तुत पाठात आम्ही दोन गोष्टींचा विचार करणार आहोत. हिवाळ्याच्या दिवसांत अंगणातील पक्षी कसे पाहावेत, ही पहिली. आणि त्यांना दाणापाणी द्यावे की नाही, द्यावयाचे तर कसे, ही दुसरी. दुसरा प्रश्न वरवर सोपा वाटतो. मूठभर दाणे टाकले की पुण्य पदरी पडले, अशी आपली समजूत असते. ती तपासून पाहणे हा या पाठाचा मुख्य हेतू आहे.

हिवाळाच का?

पक्षी बाराही महिने दिसतात, मग निरीक्षणाचा आरंभ हिवाळ्यात का करावा? याला तीन कारणे आहेत. पहिले असे की, आश्विन-कार्तिकापासून उत्तरेकडील थंड प्रदेशांतले पक्षी आपल्याकडे उतरू लागतात आणि फाल्गुन-चैत्रापर्यंत मुक्काम करतात. त्यामुळे एकाच आवारात कायमचे रहिवासी आणि हंगामी पाहुणे शेजारी शेजारी पाहावयास मिळतात. दुसरे, पानगळीमुळे पुष्कळ झाडे विरळ होतात आणि फांदीवरचा पक्षी स्पष्ट दिसतो. तिसरे, सकाळचे ऊन कोवळे असल्याने पक्षी सूर्योदयानंतरही बराच वेळ उघड्यावर वावरतात. महाराष्ट्र शासनाने २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून साजरा करण्यास आरंभ केला. अरण्यऋषी मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांचा १२ नोव्हेंबर. या दोन तिथींच्या मधला हा आठवडा हिवाळ्याच्या उंबरठ्यावरच येतो. निरीक्षणाची वही उघडण्यास याहून चांगला मुहूर्त नाही.

आवाराचे चार मजले

नवशिक्याला एकदम पन्नास नावे सांगितली तर एकही लक्षात राहत नाही. म्हणून आवाराचे चार मजले कल्पावेत.

पहिला मजला जमिनीचा. येथे चिमणी, साळुंकी, होला आणि सातभाईंचा गलबला आढळतो. हिवाळ्यात यांच्यात दोन पाहुण्यांची भर पडते. एक धोबी, सडपातळ, चालताना शेपटी सतत खालीवर करणारा, ओल्या जागी किडे टिपणारा. दुसरा थिरथिरा. नराचा वरचा भाग काळपट, पोट आणि शेपटी तांबूस-नारिंगी; बसला की शेपटी थरथरते, म्हणून हे नाव. हिमालय आणि तिबेटच्या उंच, उजाड प्रदेशांत घरटी करणारा हा पक्षी आपल्या कुंपणाच्या खांबावर येऊन बसतो.

दुसरा मजला झुडपांचा. शिंपी, राखी वटवट्या, बुलबुल, दयाळ, शिंजीर यांचा हा प्रांत. येथेच हिवाळ्यात लहानसा लाल छातीचा माशीमार येतो. शेपटी उभारून तो पुन्हा पुन्हा त्याच फांदीवर परततो. तो युरोपच्या पूर्व भागापर्यंत पसरलेल्या जंगलांतून आलेला असतो, हे सांगितल्यावर वर्गात भूगोलाचा नकाशा आपोआप उघडला जातो.

तिसरा मजला झाडाच्या शेंड्याचा. तांबट, पोपट, हळद्या, कोतवाल येथे दिसतात. माघ-फाल्गुनात पळस, पांगारा आणि काटेसावर फुलली की मधुरसासाठी भोरड्यांचे थवे उतरतात. काळे डोके आणि फिकट गुलाबी अंग असलेली भोरडी मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशांत टोळांवर जगते आणि आपल्याकडे येऊन ज्वारीच्या कणसांवरही ताव मारते. ज्यांनी लहानपणी माळ्यावर उभे राहून गोफण फिरवली आहे, त्या आपल्या पालकांना भोरडीची ओळख पुस्तकातून करून द्यावी लागत नाही. तिचे थवे कोणत्या आठवड्यात येतात, कोणत्या दिशेने येतात, कोणत्या झाडावर रात्र काढतात, हे त्यांना ठाऊक असते. शेतमजुराच्या घरातून आलेल्या विद्यार्थ्याने हे ज्ञान वहीत उतरवले तर तो उत्तम अभ्यास ठरतो, हे शिक्षकांनी आवर्जून सांगितले पाहिजे.

चौथा मजला आकाशाचा. तारांवर रांगेने बसलेल्या भिंगऱ्या, वेडे राघू आणि वर घिरट्या घालणाऱ्या घारी यांचा हा मजला.

पाहण्याची शिस्त

निरीक्षणासाठी दुर्बीण असलीच पाहिजे असे नाही. वही, पेन्सिल आणि स्थिर बसण्याची तयारी एवढे पुरेसे आहे. सूर्योदयानंतरच्या पहिल्या दोन तासांत एक जागा निवडून पंधरा मिनिटे शांत बसावे. वहीत दिनांक, वेळ, जागा, हवामान, पक्ष्याचे नाव, संख्या आणि तो काय करीत होता, हे लिहावे. नाव माहीत नसेल तर वर्णन लिहावे : चिमणीपेक्षा मोठा की लहान, चोच जाड की बारीक, शेपटीची हालचाल कशी, आवाज कसा. चोचीवरून पक्ष्याचा आहार बव्हंशी कळतो. जाड, शंकूच्या आकाराची चोच दाणे फोडणाऱ्याची, बारीक टोकदार चोच किडे टिपणाऱ्याची, लांब बाकदार चोच मधुरस पिणाऱ्या शिंजिराची. पुढे दाणापाण्याचा विचार करताना हे निरीक्षण उपयोगी पडणार आहे.

एक नियम कटाक्षाने पाळावा. घरट्याजवळ जाऊ नये, अंडी-पिले हाताळू नयेत, चांगले दिसावे म्हणून पक्ष्याला उडवून लावू नये. गलोलीने पक्षी मारणे किंवा पोपट पिंजऱ्यात ठेवणे हा तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हाच आहे.

दाणे घालावेत काय?

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. हिवाळ्यात पक्ष्यांना दाणे घालण्याची प्रथा युरोप-अमेरिकेत फार रुजलेली आहे. तेथे जमीन बर्फाने झाकली जाते, कीटक नाहीसे होतात, दिवस आठ तासांवर येतो. एवढ्याशा उजेडात लहान पक्ष्याला दीर्घ, गोठवणाऱ्या रात्रीपुरती चरबी साठवावी लागते. ती साठली नाही तर सकाळ दिसत नाही. अशा ठिकाणी अंगणातील दाणा हा खरोखर जीवनमरणाचा आधार ठरू शकतो.

आपल्याकडे स्थिती निराळी आहे. महाराष्ट्रातील हिवाळा हा सुगीचा काळ. खरिपाची बाजरी, भात घरात आलेला असतो, रब्बीची ज्वारी शेतात उभी असते, गवताचे बी पिकलेले असते. किडे थंडीतही मिळतात आणि म्हणूनच तर किडे खाणारे पक्षी एवढा प्रवास करून येथे येतात. आपल्याकडील खरा कठीण काळ चैत्र-वैशाखाचा, आणि तेव्हाही पहिली टंचाई पाण्याची असते. म्हणून आमचे मत असे की, आपल्या हिवाळ्यात दाणा ही पक्ष्यांची निकड नाही. तो आपल्यासाठी पक्ष्यांना जवळून पाहण्याचा एक मार्ग आहे. हा भेद लक्षात ठेवला तर अतिरेक होत नाही.

अतिरेकाचे परिणाम काय होतात? ब्रिटनमध्ये २००५ च्या सुमारास ग्रीनफिंच या अंगणातल्या पक्ष्यांत एका सूक्ष्म परजीवीचा घशाचा रोग पसरला. एकाच जागी दाटीने खाणे-पिणे, त्यामुळे ओले व दूषित होणारे दाणे-पाणी, हे त्याच्या प्रसाराचे एक साधन ठरले. पुढे त्या पक्ष्याची संख्या इतकी घटली की २०२१ मध्ये तो तेथील संकटग्रस्त पक्ष्यांच्या लाल यादीत गेला. दाणे घालणारे लोक प्रेमळच होते; परंतु प्रेमाला स्वच्छतेची जोड नसेल तर ते पुरेसे पडत नाही.

आपल्या शहरांत दाण्याचा ढीग घातला की त्यावर मुख्यतः पारवेच येतात. त्यांची संख्या वाढते, विष्ठा साचते, आणि तिच्या वाळलेल्या धुळीच्या दीर्घ संपर्काने काही माणसांना फुफ्फुसांचे गंभीर आजार जडतात. मुंबईतील कबुतरखान्यांचा प्रश्न २०२५ मध्ये उच्च न्यायालयापर्यंत गेला, तो याच कारणाने. करुणा कोणावर, किती आणि कोणाच्या आरोग्याच्या मोबदल्यात, हा विचार करावाच लागतो.

दाणा द्यावयाचाच असेल तर

पुढील पथ्ये पाळावीत. बाजरी, राळा, ज्वारी, तांदळाची कणी यांपैकी एखादे स्वच्छ, कोरडे धान्य एक मूठभरच ठेवावे. तासाभरात संपेल एवढेच. उरलेले झाडून टाकावे आणि जागा अधूनमधून बदलावी. फळे खाणाऱ्या बुलबुलांसाठी पिकलेल्या पपईची किंवा पेरूची फोड फांदीत खोचावी, पण सायंकाळपर्यंत ती काढून घ्यावी. जागा उघडी असावी; झुडूप सहा-सात फुटांवर असावे, म्हणजे मांजराला दबा धरता येत नाही आणि पक्ष्याला आसरा जवळ राहतो. आजारी, फुगून बसलेला पक्षी दिसला तर दाणा-पाणी दोन-तीन आठवडे पूर्ण बंद करून जागा धुऊन काढावी.

काय देऊ नये, हे अधिक महत्त्वाचे आहे. शेव-फरसाण, खारे दाणे, तेलकट भाजी-भात, पाव, दूध यांपैकी काहीही देऊ नये. मीठ लहान पक्ष्याला सोसत नाही, दूध त्याला पचत नाही, पावाने पोट भरते पण पोषण होत नाही, आणि बुरशी लागलेले शेंगदाणे विषारी असतात. वसतिगृहाच्या भोजनगृहातील उष्टे-खरकटे पक्ष्यांच्या नावाने उघड्यावर टाकणे म्हणजे उंदीर, कुत्री आणि माश्या यांना आमंत्रण होय. त्याची जागा खताच्या खड्ड्यात आहे.

आणखी एक गोष्ट. चिमणी दाणे खाते, पण आपल्या लहान पिलांना ती मुख्यत्वे किडे-अळ्या भरवते. अंगणात कीटकनाशक फवारून वर बाजरी टाकली तर मोठ्या चिमण्या जगतील आणि पिले उपाशी राहतील. म्हणून दाण्यापूर्वी फवारणीचा विचार करावा.

पाणी आणि झाड

दाण्यापेक्षा पाण्याची सोय केव्हाही श्रेयस्कर. मातीची उथळ परळ घ्यावी, पाणी दोन इंचांहून खोल नसावे, मधोमध एक खडबडीत दगड ठेवावा. पाणी रोज ओतून, परळ घासून पुन्हा भरावी. रोज बदललेल्या पाण्यात डासांची पैदास होत नाही. दाण्याकडे न फिरकणारे वटवटे, माशीमार, शिंजीरही पाण्यावर येतात, हे वहीत लवकरच दिसून येईल.

त्याहूनही टिकाऊ दान झाडाचे. उंबर, वड, पिंपळ, बोर, कडुनिंब, काटेसावर, पांगारा ही झाडे वर्षातील निरनिराळ्या महिन्यांत फळ, फूल, कीटक आणि निवारा देतात. आवाराच्या एका कडेला गवताचा पट्टा न कापता बी धरेपर्यंत ठेवला तर मुनियांना दाणा विकत आणावा लागत नाही. भात पिकणाऱ्या भागांत लोंब्यांची जुडी दाराशी टांगण्याची रीत आहे. तिच्यातही अंगणातल्या चिमणीचा वाटा गृहीत धरलेला असतो.

संक्रांतीनंतर एक काम अवश्य करावे. झाडांत आणि तारांत अडकलेला मांजा शोधून, मोठ्या माणसांच्या मदतीने झाडांवरचा काढून टाकावा. तारांवरचा मात्र वीज कर्मचाऱ्यांना कळवूनच काढवावा. नायलॉन मांजावर २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने बंदी घातली असली तरी तो आजही पंख कापतो. एका सकाळचे हे काम महिनाभराच्या दाण्यापेक्षा मोलाचे आहे.

वहीचे मोल

विद्यार्थी विचारतात, आमच्या नोंदींचा उपयोग काय? याचे उत्तर इतिहासात आहे. सालिम अली यांनी १९३० च्या सुमारास किहीम येथे राहत्या घराजवळील सुगरणींची वसाहत चिकाटीने पाहिली आणि सुगरणीच्या कुटुंबव्यवस्थेविषयी नवी माहिती जगापुढे ठेवली. ब्रिटनमध्ये १९७९ पासून जानेवारीच्या अखेरीस सामान्य लोक एक तास अंगणातले पक्षी मोजतात. या उपक्रमाचा आरंभ मुलांसाठीच झाला होता. चिमण्यांची तेथील मोठी घट ध्यानात येण्यास या नोंदींचे साहाय्य झाले. भारतातही २०१३ पासून फेब्रुवारीत चार दिवसांची अंगण-पक्षीगणना होते. किमान पंधरा मिनिटांची नोंद तीत चालते. २०२३ चा भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल तीस हजारांहून अधिक निरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींवर उभा आहे. ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल काढता आला, त्यांपैकी ६० टक्के जाती घटल्या आहेत. आपल्या तारांवर हिवाळ्यात दिसणारा नीलकंठही घटत चालला आहे, तर पारवा वाढत आहे. हे कोणा एका शास्त्रज्ञाने एकट्याने पाहिलेले नाही. ते असंख्य वह्यांतून जमले आहे.

माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे की, आपण ज्या गावी वा शहरी असाल तेथील अंगणाची, गच्चीची, वसाहतीच्या बागेची एक हिवाळी नोंद शाळेकडे पाठवावी. पालकांनी आपल्या शिवारातील पक्ष्यांची स्थानिक नावे मुलांना सांगावीत. एकाच पक्ष्याला चार तालुक्यांत चार नावे असतात आणि ती लिहून ठेवली नाहीत तर सांगणाऱ्यांबरोबर जातील. समाजबांधवांनी शाळेच्या आवारात एक उंबर किंवा काटेसावर लावून तिच्या पहिल्या तीन उन्हाळ्यांच्या पाण्याची जबाबदारी घ्यावी.

स्वाध्याय

१. सलग सात दिवस, एकाच वेळी, एकाच जागी पंधरा मिनिटे बसून पक्ष्यांची यादी करा. रोज दिसलेले आणि एकदाच दिसलेले पक्षी वेगळे लिहा.

२. आवारातील कोणत्याही एका झाडावर दिवसभरात कोणकोणते पक्षी आले व कशासाठी आले, याचा तक्ता तयार करा.

३. थिरथिरा किंवा धोबी प्रथम दिसला तो दिनांक आणि शेवटचा दिसला तो दिनांक नोंदवा. पुढील वर्षीच्या विद्यार्थ्यांसाठी तो भिंतीवरील फलकावर लिहून ठेवा.

४. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून पाच पक्ष्यांची स्थानिक नावे आणि त्यांविषयीच्या शेतीतील आठवणी लिहा.

५. दाण्याची जागा आणि पाण्याची जागा यांवर येणाऱ्या पक्ष्यांची तुलना करा. फक्त पाण्यावर येणाऱ्या पक्ष्यांच्या चोची पाहून त्यांचा आहार कोणता असावा, ते सकारण सांगा.